चिखल्या

अकरा वर्षं चिखलात पाय घातलेला नाही,
तरी करंगळी आणि तिच्या शेजारणीच्या बेचक्यात
चिखल्या झाल्यात.
शब्दच मागोमाग आला असणार,
येळ्ळूरच्या शिवारातून माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून
उद्यमबागेपर्यंत.

इथे चिखल कुठला. वाळू आहे, काळी, जळकी.
साच्यात ओतलेलं लोखंड आहे.
आणि पायांत कंपनीचे बूट,
दिवसभराचा घाम राखून ठेवणारे दोन बंद डबे.
पाळी सुटल्यावर मोजा काढतो
तर कातडी मोज्याबरोबर येते,
रात्रभर भिजलेल्या पोह्यांसारखी पांढरी.
वासाचं लिहीत नाही.

आईनं फोनवर कसं झालं ते विचारलंच नाही.
"मेंदी वाट. बेचक्यात भरून झोप. सकाळी बग."
रोप लावणीच्या दिवसांत बायका अशाच झोपायच्या,
बोटं फाकवून, पायांना चिंध्या बांधून,
ओळीनं.
सकाळी माझी बोटं लालभडक.
गेटवरचा वॉचमन म्हणाला, लगीन कुणाचं गा?

कणकुंबीहून बहिणीनं भिरंडेल पाठवलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिवळट गोळा.
चमच्यात वितळवून लावलं, बरं वाटलं,
पण बुटात पाय मासळीसारखा सुळसुळायचा
आणि हातात तर वितळलेल्या लोखंडाची पळी.
ते रविवारपुरतं ठेवलं.

बसलिंग साच्यांवर असतो, माझ्या डाव्या हाताला.
मला बूट घासताना बघून म्हणाला, "तुरसब्याड."
खाजवू नको.
मग म्हणाला, "अरिशिण हच्चु."
हळद लावली. मोजे पिवळे झाले, सुमित्रा चिडली.
भरमाण्णानं मिठाचं गरम पाणी सांगितलं.
वेल्डिंगच्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं रॉकेल मात्र
तुम्ही लावू नका.
मी लावलं.
त्या रात्री मला माझा पाय
दुसऱ्या कुणाचा तरी असावा असं फार वाटलं.

टिळकवाडीच्या डॉक्टरांनी बोटभर ट्यूब दिली.
"चार आठवडे. खाज थांबली तरी लावणं थांबवायचं नाही.
मोजे रोज धुतलेले. पाय कोरडे."
कोरडे!
भट्टीसमोर उभं राहून म्हणून दाखवा, म्हणणार होतो.
फी दिली आणि आलो.

मग एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत
शेडमागच्या कट्ट्यावर मी सरळ नाड्या सोडल्या.
लाज होती, पण आग जास्त होती.
उन्हात पाय पसरले. बोटांमध्ये वारा शिरला,
किती वर्षांनी.
कुणी काही बोललं नाही.
थोड्या वेळानं बसलिंगनं आपले बूट काढले.
मग भरमाण्णानं. (तरीच मिठाचं एवढं पाठ.)
मग कोअर शॉपची ती दोन पोरं,
जी कधीच आमच्यात बसत नाहीत.
हुक्केरी साहेब जाता जाता थांबले.
आता ओरडतील म्हणून मी मोजा शोधायला लागलो.
साहेबांनी विचारलं, "एष्ट दिन आतु?"
किती दिवस झाले.
आणि पँट वर ओढून कट्ट्यावर टेकले.
त्यांचं तर नखापर्यंत गेलं होतं.

परवाच चौकातल्या पाटीवरून
आमच्यात दोन दिवस बोलणं बंद होतं.
त्या दुपारी माझी ट्यूब हातोहात फिरली
आणि परत आली तेव्हा चपटी झाली होती.

भोंगा झाला. सगळ्यांनी घाईघाईनं पाय झाकले,
कुणी बघितलंच नाही अशा चेहऱ्यानं.

आता पिशवीत मोज्यांचे दोन जोड असतात.
डब्याशेजारी ठेवू नका, सुमित्रा रोज सांगते,
मी रोज ठेवतो.
चौथा आठवडा चालू आहे.
बेचक्यात नवी कातडी आलीय, गुलाबी, पातळ,
तिला अजून
बूट माहीत नाही.